सरकारी कुलूप

वायरमनने स्वतः लिलावात घेतलेल्या घराचं सरकारी कुलूप उघडलं, पण दार काही हलेना. ताबा द्यायला आलेल्या कारकुनाने खांदा लावला, तरी ढिम्म. तेवढ्यात बॅग ओढत एक बाई जिना चढून आल्या. “जरा उचलून ढकला,” त्या म्हणाल्या. दार निमूट उघडलं. “मावशी, तुम्हाला कसं माहीत?” वायरमनने विचारलं. “माझंच घर आहे. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. हे कुलूप कुणाचं?” कारकुनाने कागद चाळले. घरपट्टी थकली होती ती वरच्या मजल्याची. “म्हणजे साहेब, मला दुसऱ्याचंच घर विकलंत?” वायरमन ओरडला. राहती खोली विकून त्याने बोली लावली होती. कारकून घसा खाकरत म्हणाला, “अटी वाचा. सरकारचं स्वतःचं जेवढं असतं, तेवढंच सरकार विकतं.” मावशींनी आतून कडी लावली. वायरमनच्या हातात कुलूप उरलं. तेवढंच सरकारचं होतं.