नायिका घर का सोडते?

खालच्या मजल्यावरची नर्स नोकरी सांभाळून बी.ए. करत होती. अभ्यासाला लागलेली जुनी, जाडजूड कादंबरी समजून घ्यायला ती दर गुरुवारी निवृत्त प्राध्यापकांकडे यायची. शेवटचं प्रकरण आलं तसा सरांचा जीव खालीवर होऊ लागला. कादंबरी संपली की दाराची बेल वाजवायला कोण येणार? म्हणून ते एकेका पात्राच्या मनाचा कीस काढत बसले.

"नायिका घर सोडते, त्यामागे अजून एक हेतू आहे. तो पुढच्या गुरुवारी पाहू."

"अहो सर, ढीगभर हेतू झाले की! बिचारीला एकदाची जाऊ द्या ना!" ती हसली.

सरांनाही हसू आलं, पण मन खाऊ लागलं. आपल्या एकटेपणापायी पोरीचा अभ्यास खोळंबतोय. त्यांनी मन घट्ट करून पुस्तक मिटलं.

"संपलं बघ. आता येऊ नकोस, परीक्षेच्या तयारीला लाग."

ती उठलीच नाही.

 

"परीक्षा मागच्याच महिन्यात झाली, सर," ती खाली बघत म्हणाली. "घरात माणसं खूप आहेत हो, पण माझ्याशी बोलतं कोण?"