दुपारचं पाणी

रेणापूरच्या डॉक्टरांनी महादेवीच्या तळव्याला सुई टोचली. तिनं पाय हलवला नाही.

"साखरेनं नसा बधिर झाल्यात. पायाचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही, तेव्हा अनवाणी चालायचं नाही," डॉक्टर म्हणाले. सोबत आलेल्या धाकट्या जावेनं, गुरम्मानं, सगळं नीट ऐकून घेतलं.

गावात टँकर भर उन्हात येऊन विहिरीत रिकामा होई. विहिरीच्या काठावर चपला चालत नसत. तापलेल्या फरशीवर उभं राहून पाणी कुणी शेंदायचं, यावरून दोघी जावांत रोज कुरबुर चाले.

घरी आल्याबरोबर गुरम्मा सासूला म्हणाली,

"आत्याबाई, मिटलं बगा आमचं भांडण. डॉक्टरच म्हणले, अक्काला चटका कळत न्हाई."