जोडीसाठी टाकी

माझी बायको शरयू गेली, तिचा तेरावा गेल्या आठवड्यात झाला. तेव्हापासून आमच्या इस्लामपूरच्या घरात चर्चा चालू आहे ती माशांच्या भांडणाची. माझ्या मुलाने, धवलने, हॉलमधल्या पाणवनस्पतींच्या टाकीत बोटाएवढ्या सिक्लिड माशांच्या दोन जोड्या सोडल्या होत्या. एका जोडीने सगळी झाडी बळकावली आणि परवा दुसऱ्या जोडीतली मादी चावून मारली. तिचा नर आता एका कोपऱ्यात पडून असतो. शरयूसाठी भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही धवल त्याचंच दुःख सांगतो.

"त्यालाबी मारतील आता," धवल मला म्हणाला. "बाबा, या भांडखोर जोडीला सांगलीवरनं मोठी टाकी आणतोय. ती तुमच्या खोलीत बसवूया. तुमी हॉलमधी झोपा."

"एकट्याला कशाला लागतीय एवढी खोली?" असं म्हणत सून स्वानंदीने शरयूचं कपाट रिकामं करायलाही घेतलं.

खोली वाचावी म्हणून मी सुचवलं, "आरं, जोडी ऱ्हाऊ दे हितंच. त्या एकट्यालाच बरणीत घालून स्वयंपाकघरात ठेव की."

धवल माझ्यावर खेकसला.

 

"आवं बाबा, जरा तरी माया हाय का तुमाला? त्याची जोडीदारीण जाऊन दोन दिस न्हाई झालं, आन् लगेच त्याची जागा बदलायची? खाणं सोडून मरंल त्यो!"