कागद वाचायला

"आधार कार्ड घेतलंस ना गं?" तुळजाने रिक्षात तिसऱ्यांदा विचारलं.

"हाय की काकी, दप्तरात," मैना हसली.

दिघाशी गावातल्या शेजारच्या रंगूबाईची ही लेक. आठवीतली. वाटेतली एकही पाटी वाचल्याशिवाय सोडत नव्हती. म्हणून तर तुळजाने तिला मागून आणली होती. "मला अंगठाबहाद्दराला कोण विचारतंय? चौकीत कागद वाचायला पोर दे," एवढं म्हटल्यावर रंगूबाईने लेकीला नवा ड्रेस घालून पाठवली.

तुळजाची मेघाली दिवाळीपासून नारपोलीच्या एका कापडाच्या लूम कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होती. दोन महिन्यांसाठी म्हणून दामू मुकादमाने नेली आणि कोंडूनच ठेवली. चौकीत तक्रार केली, तर हवालदाराने अंगठा घेतला आणि फोन दामूलाच लावला. कुंपणच शेत खायला लागलं, तर दाद मागायची कुणाकडे? गेल्या आठवड्यात फाटकाच्या फटीतून मेघाली दिसली. बोटं चिरलेली, आवाज बसलेला. "आये, मला ने," एवढंच म्हणाली. आज काही झालं तरी पोरीला घेऊनच परतायचं होतं.

नाक्यावर रिक्षा थांबली. टपरीजवळ एक कामगार खांद्याला बॅग लावून उभा होता.

"छुट्टी मिल गई?" चहावाल्याने विचारलं.

"हां, भाई को बदली बिठाया, तब सेठ ने छोडा."

तुळजाने मैनाचा हात घट्ट धरला.

"काकी, चौकी मागं राह्यली."

"आधी कारखान्यात जाऊ. कागद दामूकडं हायत."

"मी समदं मोठ्यानं वाचीन. तू घाबरू नको."

तुळजाला हुंदका आला. तिने तो पदरात दाबला आणि पोरीच्या वेणीची सुटलेली रिबीन नीट बांधून दिली.

कारखान्याच्या फाटकावर पाटी होती. मैनाने सवयीने वाचली, "येथे बालकामगार काम करत नाहीत."

दामूने फाटक अर्धवट उघडलं. त्याने आधी रस्ता न्याहाळला, मग मैनाला. त्याच्यामागे, लूमच्या खडखडाटात, मेघाली पिशवी छातीशी धरून उभी होती.

तुळजाने मैनाचा हात सोडला.

"बदली आणलीय, दामूशेठ," ती म्हणाली. "आता माझी पोर सोडा."