गप्प बसणारा व्हॉल्व्ह

मेव्हण्याच्या गिटारसाठी रेडिओवाल्या काकांनी जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा छोटासा अँप्लिफायर रचला होता. जेमतेम पाच वॉटचा, फिक्स्ड बायसचा. नाव फिक्स्ड, पण तो बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणारा व्होल्टेज, स्क्रू पिळून हातानेच जुळवायचा. जरा चुकला की व्हॉल्व्ह लालबुंद. सकाळपासून कितीदा जुळवला, तरी काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उगीचच सारखं मागे वळून बघत होते.

शेवटी त्यांनी नेहमीची परीक्षा घेतली. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच दोन ठोके द्यायचे. चांगला व्हॉल्व्ह गप्प बसतो. खराब असेल तो स्पीकरमधून ओ देतो, मग त्याला उपटून डब्यात टाकायचं.

पहिल्यानेच ओ दिली. टक टक. काकांनी तो बदलला. नव्यानेही तेच केलं.

"सगळा मालच भिकार," असं पुटपुटत त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

टक टक.

काकांनी प्लग ओढून काढला. स्पीकरची वायर सोडवली. व्हॉल्व्हमधली लाली हळूहळू विझली.

टक टक.

आवाज स्पीकरचा नव्हताच. ठोके त्यांच्याच टाळूवर पडत होते. हलक्या, सरावलेल्या हाताचे.

टेबलावर पेन्सिल नव्हती.

काका श्वास रोखून बसले. हूं की चूं केलं नाही.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, "मघापासून बोलावतेय. ओ द्या की!"