तिसऱ्या कडव्याला थांबलेली सुई

"तिसऱ्या कडव्याला सुई थांबव गं," आईचा आवाज शिंपिणीच्या कानात अजून होता. पुढं धर्मावर बंदी आली, प्रार्थना म्हणणारे तुरुंगात गेले. हे कडवं ज्यातलं, ते नाताळचं आकड्यांचं गाणं मात्र पोरखेळ म्हणून बंदीतून सुटलं. आज शिंपिणीची लेक गुंड्यांची काजं करताना तेच गुणगुणत होती. दारात तपासनीस उभा. "तिसऱ्यालाच हात का थांबला?" शिंपिणीनं हातातली कात्री खाली ठेवली. लेक हसली. "बोटांना विसावा, साहेब. आईनंच शिकवलंय." "मग न थांबता म्हण." एक तारा, दोन दिवे, तीन पाखरं... लेकीची सुई सरसर चालली. तपासनीस हात हलवत गेला. जीव वाचला, पण शिंपिणीला रडू आवरेना. पोरीला खरंच काही ठाऊक नव्हतं. कडी लावून ती कुजबुजली, "विसावा नव्हे, बाळा. तीन पाखरं म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिथं आपण मनातल्या मनात गुडघे टेकतो."