साडेअकराची फेरी

खडवली स्टेशनबाहेरच्या टपरीवर फेरीतले सगळे वडापाव खात होते, तेव्हा क्षिप्राला फोनवर ती चूक दिसली. नदीकाठची झाडं बघायची फेरी सकाळी सहाला होती. ती झालीही. फोनवर मात्र वेळ दिसत होती साडेअकरा.

डोंबिवलीच्या त्यांच्या निसर्गमंडळाच्या वेबसाइटवर कार्यक्रम टाकायचं एक प्लगइन होतं. त्याला तिने गेले तीन आठवडे खपून एक ब्रिज, म्हणजे माहिती पुढे पोचवणारा दुवा, जोडला होता. लोकांनी स्वतःच चालवलेले छोटे-छोटे सोशल सर्व्हर असतात, तिथे मंडळाचा कार्यक्रम आपोआप पोचावा म्हणून. चाचणीत तो पोचत होता. पण चाचणीच्या खात्याला भारताची वेळ लावायची राहून गेली होती. आपले सहा हा ब्रिज ग्रीनिचचे सहा म्हणून पाठवत होता. तिच्या त्या खात्यावर ते सहाच दिसले. भारतातल्या बाकी सगळ्यांना, फोनवरच्या तिच्या नेहमीच्या खात्यालाही, साडेअकरा.

ब्रिजवरून 'येणार' असं कळवणारं नाव एकच होतं. कलावती.

क्षिप्राने तिथेच उभ्याउभ्या वेळ दुरुस्त केली. पण दुरुस्ती पलीकडे पोचते का, हे तिने अजून तपासलंच नव्हतं. साडेअकरा काही हलले नाहीत. तिने त्या बाईंना निरोप टाकला. उत्तर आलं नाही.

मंडळाचे प्रमुख आनंदकाका पहिल्यापासून म्हणत होते की आपला फोनवरचा ग्रुप पुरे आहे, हे नवं लचांड कशाला. आता ते रागावले नाहीत. कोण कुठली बाई, येईलच कशावरून, चल आमच्याबरोबर, एवढंच म्हणाले. नऊ वाजत आले होते. क्षिप्रा म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.

गाडी गेली आणि स्टेशन रिकामं झालं. ती बाकावर बसून राहिली. मधे दोनदा तिला वाटलं, काका म्हणतात तेच खरं. मग ती पुन्हा ते एक नाव उघडून बघायची.

अकरा वीसला उतरलेल्या चारपाच माणसांत एक साठीच्या आसपासच्या बाई होत्या. पायात कोरे करकरीत बूट, खांद्याला पाण्याची बाटली. इकडेतिकडे बघत त्या जिन्यापाशी थांबल्या. क्षिप्राने जवळ जाऊन नाव विचारलं.

"हो, मीच कलावती. बाकीचे यायचेत का अजून?"

त्या ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून आल्या होत्या. सासूबाई चार वर्षं अंथरुणावर. त्यांच्याजवळ बसणारी बाई येते नऊला, त्याआधी घराबाहेर पाय टाकता येत नाही. पुण्याच्या मुलीने फोनवर हे काहीतरी घालून दिलं होतं, त्यावर ही फेरी दिसली. अशा फेऱ्या त्यांनी पेपरात पुष्कळ वाचल्या होत्या, पण सगळ्या पहाटेच्या. ही पहिलीच बघितली, जमण्यासारखी.

क्षिप्राला वाटलं, बाकीचे आज आले नाहीत असं सांगून मोकळं व्हावं. पण तिने खरं ते सांगितलं. फेरी सहालाच झाली. वेळ चुकीची गेली, चूक माझी.

कलावतीबाईंनी खांद्यावरची बाटली सावरली.

"म्हणजे तुमची नेहमी सहालाच असते?"

"हो."

"मग आज नीट बघून घेते," त्या म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

दोघी नदीवर गेल्या. क्षिप्राला झाडांतलं फार कळत नव्हतं. नावं सांगायचं काम काकांचं. पण बाई मूळच्या चिपळूणकडच्या. उंबर, करंज, पाण्याशी वाकलेला वाळुंज, त्याच ओळखत गेल्या. एका खडकावर बसून त्यांनी बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. तिथे त्या पंधरा मिनिटं नुसत्या बसल्या. घड्याळ बघितलं, पाय पुसले आणि निघाल्या. तीनला सासूबाईंजवळची बाई जाते, म्हणाल्या.

संध्याकाळी क्षिप्राने चूक शोधून काढली. दोन ओळींची होती. मग लॅपटॉप, फोन, वेगवेगळी खाती, सगळीकडून तपासलं. सहाचे सहाच दिसले.

त्यानंतर तिने पुढच्या महिन्याच्या दोन फेऱ्या टाकल्या. दहा मिनिटांत आनंदकाकांचा फोन आला.

"क्षिप्रा, एक फेरी बरोबर दिसतेय. दुसरी अजून साडेअकराच दाखवतेय बघ."

"ती साडेअकरालाच आहे, काका. मीच टाकलीय."

"अगं, भर दुपारी कोण येणार?"

क्षिप्राने स्क्रीन खाली सरकवली.

"एक नाव आलंय."